पाचव्या खाटेवरचा वारा

१२ मे, रविवार, सकाळी साडेनऊ. हजर: मी. डायलिसिसच्या खोलीच्या मुख्य सिस्टर. साफसफाईच्या मावशी. डॉक्टर, पाच मिनिटं. पेशंट कोणी नाही, कारण रविवारी खोली बंद.

माझ्या वहीतलं ते पान असं सुरू होतं. प्रत्येक कामाचं पान मी असंच सुरू करते. आधी तारीख, मग कोण होतं, मग काय आणलं, मग काय मोजलं. पुण्याला एका ठेकेदाराकडे पंधरा वर्षं काढली तिथली ही सवय. सासूबाईंच्या आजारपणासाठी बुऱ्हाणपूरला आलो, त्या गेल्या, आम्ही इथेच राहिलो, आणि सवयही राहिली.

माझं काम सांगायला सोपं आहे. एसीच्या जाळीतून हवा किती येते ते मोजायचं, ती कुठे जाते ते बघायचं, आणि त्या हवेत बसणाऱ्या माणसाला बरं वाटतं का ते विचारायचं. गावात मोठ्या इमारती थोड्या, पण दवाखाने, कोचिंग क्लास, कापडाची दुकानं, केळी पिकवायच्या खोल्या असं करत वर्ष भरतं. मे महिन्यात फोन खाली ठेवता येत नाही. ‘मॅडम, एसी चालू आहे पण गारच होत नाही.’ दहातल्या आठ ठिकाणी फिल्टर धुतलेला नसतो. मी पिशवी घेऊन जाते, फिल्टर काढून दाखवते, घरी येते. पन्नाशीत हे काम हाताला सोपं झालंय, गुडघ्यांना नाही.

या दवाखान्याचा फोन मात्र उलटा होता. तिथे थंडी वाजत होती.

सगळ्यांना नाही, एकाला. खोलीत पाच खाटा, पाच मशीनं, आणि छतात पाच जाळ्या, प्रत्येक खाटेवर एक. पाचव्या खाटेवर जवळच्या फोपनार गावचे एक बाबा येत. सत्तरीच्या आतले, केळीवाले शेतकरी. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळची पाळी. चार तास रक्त नळ्यांतून मशीनमध्ये जाऊन परत अंगात येतं, तेवढ्यात माणूस तसाही गारठतो. पण बाबा दात वाजेपर्यंत गारठायचे. महिन्याभरात त्यांनी तीन वेळा चुकवलं होतं. दोन वेळा अडीच तासांतच ‘काढा हे’ म्हणून उठून बसले होते.

‘असं चुकवत राहिले तर पावसाळा बघणार नाहीत,’ डॉक्टर फोनवर म्हणाले होते. ‘तुम्ही एकदा मोजून सांगा. एसीत खोट असेल तर मी दुरुस्त करतो. नसेल तर त्यांना समजावायला मला काहीतरी हातात पाहिजे.’

मी शुक्रवारी फोन करून रविवारी येते म्हणून सांगितलं. जाण्याआधी फोन करणं हे माझ्या यादीत पहिलं असतं. कुलूप, किल्ली, वीज, शिडी, सगळं तयार मिळतं.

सगळं तयार होतंच. फरशी पुसलेली, खाटांवर नव्या चादरी, जाळ्या लख्ख. मावशींनी शिडी धरली. मी प्रत्येक जाळीला कापडी हूड लावला. हा म्हणजे उलटी धरलेली मोठी झोळी, जाळीतली सगळी हवा तिच्यातून जाते आणि खाली आकडा दिसतो. पाच जाळ्या, पाच आकडे, सगळे दोनशेच्या आसपास. इतके सारखे आकडे मी फार क्वचित बघते. मग उशीच्या उंचीवर बारीक मीटर धरून वाऱ्याचा वेग घेतला, तापमान घेतलं, दमटपणा घेतला. चोवीस अंश. झुळूक इतकी मंद की मेणबत्तीची ज्योत हलली नसती.

सिस्टर भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी वहीत लिहीत होते तेव्हा म्हणाल्या, ‘सगळं बरोबर आहे ना मॅडम?’

‘फारच बरोबर आहे.’

‘मी सांगितलंच होतं डॉक्टरांना.’ त्या हसल्या, पण नजर मावशींकडे गेली. मी ते पाहिलं आणि काही विचारलं नाही. बाहेर त्रेचाळीस अंश होते आणि मला अजून दोन ठिकाणी जायचं होतं.

पेशंटांना विचारायचा कागदही होता. पाच चौकोन असतात: खूप थंड, थोडं थंड, ठीक, थोडं गरम, खूप गरम. ते कागद मी सिस्टरांना शनिवारीच पाठवून ठेवले होते, त्यांनी भरून घेतलेले होते. चौघांची खूण ‘थोडं थंड’वर. पाचव्या खाटेच्या कागदावर आजींनी, म्हणजे बाबांच्या बायकोने, ‘ठीक’वर खूण केली होती. त्या कागदापाशी मी अडखळायला हवं होतं. ज्या माणसासाठी मला बोलावलं, त्याच्याच कागदावर ठीक. मी तो बाकीच्या चार कागदांना टाचला.

डॉक्टर आले, मी जाळ्यांच्या आकड्यांचा कागद सही करून त्यांच्या हातात दिला, त्यांनी सुस्कारा सोडला. ‘म्हणजे हट्टच आहे म्हाताऱ्याचा.’

मी म्हटलं, ‘एसीत मला काही सापडलं नाही.’ एवढंच म्हटलं. पण ‘हो’ म्हटल्यासारखंच झालं ते.

बुधवारी रात्री अहवाल लिहायला बसले तर चौथ्या खाटेच्या वेगाचा आकडा नाही. तिसऱ्या खाटेचा दोन वेळा लिहिलेला. अशी चूक मी आधी करत नसे. हल्ली होते. अंदाजाने लिहून टाकता आलं असतं, चौथा आकडा तिसऱ्यासारखाच असणार होता. पण तसं लिहिलेला अहवाल मला नंतर झोपू देत नाही. गुरुवारी दहा वाजता सनवाऱ्याकडच्या एका दुकानात जायचंच होतं, दवाखाना वाटेत. दोन मिनिटांचं काम म्हणून फोन केला नाही.

दार ढकललं आणि आधी वाटलं, चुकून दुसऱ्या खोलीत आले.

पहिल्या जाळीवर पुठ्ठा. दुसरीवर पुठ्ठा. तिसरी, चौथी, तशाच. केळीच्या पेट्यांचा जाड पुठ्ठा, वर केळीच्या घडाचं हिरवं चित्र, चारही बाजूंनी खाकी टेप. प्रत्येकावर पेनाने खाटेचा नंबर. चार खाटांवर चार पेशंट, शेजारी स्टुलांवर त्यांची माणसं. पाचवी जाळी तेवढी उघडी, आणि तिच्या खालची खाट रिकामी. खाटेवर पांढरी चादर घट्ट घातलेली होती, तरी तिचा उशीकडचा कोपरा सारखा उठत होता आणि खाली पडत होता.

सिस्टरांनी मला पाहिलं आणि हातातला ट्रे खाली ठेवला. ‘मॅडम, फोन करायचा ना आधी.’

‘हे कधीपासून?’

‘एप्रिलपासून. बाकीच्या पाळ्यांना पाच नंबरला तरणी माणसं, त्यांना चालतं.’ मग हळूच, ‘रविवारी तुम्ही येणार म्हणून काढून ठेवले होते. पाण्याच्या मशीनमागे. तपासणीला बाईमाणूस येणार, दवाखाना असा कसा दाखवायचा?’

मी पिशवी उघडली. हूड नव्हता आणला, बारीक मीटर होता. पाचव्या खाटेच्या उशीवर धरला. रविवारच्या पाचपट वेग. चार जाळ्यांची हवा चार पुठ्ठ्यांना आपटून डक्टमध्ये, म्हणजे छतातल्या हवेच्या बोगद्यात, परत फिरत होती आणि जिथे वाट मिळेल तिथून निघत होती. वाट एकच होती.

मी चपला काढल्या आणि त्या खाटेवर आडवी झाले.

‘अहो, काय करताय!’ सिस्टर.

‘मोजतेय.’

दोन नंबरच्या खाटेवर एक बाई होत्या. त्यांचा मुलगा स्टुलावर बसून मोबाइल बघत होता. केळीच्या गाड्या भरून पाठवायचा त्याचा धंदा. त्याने मान वर केली. ‘सिस्टर, मॅडमले बी लावून द्या मशीन. खाट मोकळीच आहे.’

सगळे हसले. त्याची आईसुद्धा हसली, डोळे मिटूनच. मीही हसले असेन. पंधरा मिनिटांचा अलार्म लावला होता. पाचव्या मिनिटाला डावा कान दुखायला लागला. आठव्या मिनिटाला खांदा. बाहेरून घामाघूम आले होते, तो घाम पाठीवर बर्फासारखा झाला. बाराव्या मिनिटाला मी उठले. बाबा इथे चार तास पडून राहायचे, आणि त्यांचं रक्त अंगाबाहेर फिरून येत असायचं.

‘बाबा कुठे आहेत आज?’

सिस्टर म्हणाल्या, ‘मंगळवारी डॉक्टरांनी त्यांना तुमचा कागद दाखवला. म्हणाले, बाबा, मशीननं मोजलंय, थंडी नाहीये, मनाचे खेळ आहेत. बाबांनी चादर ओढून घेतली. चार तास पूर्ण केले. जाताना आजींना म्हणाले, आता नाही यायचं. आज सकाळी फोन केला तर आजी नुसत्या रडत होत्या.’

माझा कागद. माझी सही.

मी स्टूल ओढून बसले आणि दोन नंबरच्या बाईंच्या मुलाला, म्हणजे भाऊंना, विचारलं, ‘हे पुठ्ठे कोणी आणले?’

‘मीच आणले. आपल्याकडे पुठ्ठ्याची काय कमी!’ तो अजिबात ओशाळला नाही. ‘आई कुडकुडत होती. म्हटलं एकटीला कशाला, सगळ्यांनाच आणू. पाच आणले होते.’

‘मग पाचवा?’

‘लावला होता ना. पाची लावले अन् दोन दिवसांत वरून पाणीच पाणी. टिपटिप टिपटिप, चार नंबरच्या उशीवर. एसीवाला आला, म्हणे आतमध्ये बर्फ जमला, हवा कोंडली तर असंच होणार, एक तरी उघडी ठेवा. आता कोणाची ठेवायची?’ त्याने आवाज खाली आणला. ‘सगळे एकमेकाकडे बघत राह्यले. तर बाबाच बोलले. माझी राहू द्या उघडी, मी शेतातला माणूस, मले वाऱ्याची सवय आहे.’

चार नंबरच्या खाटेवरचे गृहस्थ, निवृत्त कारकून, तोवर भिंतीकडे तोंड करून होते. ते तसेच म्हणाले, ‘आम्ही नाही म्हणायला पाहिजे होतं.’

‘तुम्ही तर म्हणाले होते, बाबा देवमाणूस आहेत,’ भाऊ म्हणाला.

‘हो. ते म्हणणं स्वस्त पडलं.’



मी काम मनात मांडलं. खरं तर प्रत्येक जाळीच्या मागे डक्टमध्ये एक झडप असते. ती फिरवून त्या जाळीची हवा कमीजास्त करता येते. पाच झडपा थोड्या थोड्या मिटल्या आणि पंख्याचा वेग एक पायरी उतरवला की कोणाच्याच डोक्यावर वारा नाही, आणि हवा कोंडत नाही. मी शिडीवर चढून जाळीच्या कडेने बोट घालून पाहिलं, टॉर्च मारला. झडपा होत्याच नाहीत. बांधणाऱ्याने डक्ट सरळ आणून जाळीला जोडून टाकला होता, आणि वर पीओपीचं अखंड छत. हात जाईल एवढंही दार नाही. झडपा बसवायच्या तर छताला पाच ठिकाणी चौकोन कापायचे. त्याची धूळ, आणि खाली नळ्यांतून रक्त फिरणारी माणसं. म्हणजे खोली पूर्ण बंद ठेवून, मशीनं झाकून, कमीत कमी दोन दिवस.

डॉक्टर आले तेव्हा त्यांना पुठ्ठे माहीतच नव्हते असं नाही. पुठ्ठे आहेत हे त्यांना दिसत होतं. पण ‘घरच्यांचं समाधान’ म्हणून त्यांनी तिकडे पाहणं सोडलं होतं. मी आकडा दाखवला. त्यांनी तो दोन वेळा वाचला. शहाणा माणूस आहे, लगेच म्हणाले, ‘मी त्यांना मनाचे खेळ म्हणालो.’

‘माझ्या कागदावरून म्हणालात.’

‘दोन दिवस बंद नाही ठेवता येणार मॅडम. दोन पाळ्या, वीस पेशंट. एक दिवसाआड लागतं त्यांना. पाठवू कुठे, खंडव्याला?’

म्हणून त्या दिवशी जे जमलं ते केलं. एक वाजता सकाळची पाळी संपते आणि दुसरी सुरू व्हायला तास असतो. तेवढ्यात फ्लेक्सवाल्याकडून सनबोर्डचे तुकडे आणले, जाहिरातीचे पाठीमागून पांढरे असतात तेच. पुठ्ठा दमट झाला की त्याला बुरशी येते, या खोलीत तो चालणारच नव्हता. पाच सारखे तुकडे कापले. प्रत्येकात हाताच्या पंजाएवढं भोक, उशीच्या उलट्या बाजूला, भिंतीकडे. पंखा एक पायरी खाली. हूड घरून आणला. मोजलं, भोक थोडं वाढवलं, पुन्हा मोजलं. दोन नंबरचा भाऊ आईला घरी सोडून परत आला आणि शिडी धरून उभा राहिला.

‘मॅडम, शेवटी तुम्ही बी तेच केलं ना जे मी केलं होतं?’

‘तुम्ही चार बंद केले. मी पाच अर्धे केले.’

‘म्हणजे माझी आयडिया, हिशोब तुमचा.’

‘शिडी नीट धरा.’

पाच जाळ्यांचे आकडे शेवटी एकमेकांच्या जवळ आले. रविवारइतके देखणे नाही. पण आता ते खरे होते. बंद खोलीत हवा शिळी होत नाही ना, हे बघायला दुसऱ्या पाळीभर कार्बन डायऑक्साइडचा मीटर ठेवला. ठीक होतं. जेमतेम ठीक.

शुक्रवारी सकाळी सात वाजता, ऊन चढायच्या आत, स्कूटरने फोपनारला गेले. हे माझ्या कामात बसत नाही. सिस्टरांनी फोन केला होता, डॉक्टरांनीही केला होता. बाबा फोनवर येत नव्हते. आजी म्हणाल्या होत्या, ‘त्या मीटरवाल्या बाईनं लिहून दिलं ना. आता तिलाच सांगा, येऊन बोलायचं असेल तर बोल.’

बाबा अंगणात बाजेवर बसले होते. पाय सुजलेले, चेहरा सुजलेला. मंगळवारपासूनचं पाणी अंगात साठत होतं. मी कोण ते सांगितलं. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि आजींना चहा टाकायला सांगितलं.

‘बाबा, माझं चुकलं. मी पुठ्ठे काढलेल्या खोलीत मोजलं. काल पुठ्ठ्यांसकट मोजलं. तुमच्यावर सगळ्यांची हवा येत होती.’

‘मले माहीत आहे ते.’

‘माहीत होतं?’

त्यांनी हाताने समोरचं शेत दाखवलं. केळीच्या बागेच्या कडेने शेवरीची दाट भिंत उभी होती. ‘हे कशाले लावतो आम्ही? वारं अडवाले. आता या शेवरीत एक फट राहू द्या. चार झाडं मेली समजा. तर सगळं वारं त्या फटीतून घुसते, अन् त्या रांगेतली केळ पहिली आडवी होते. बाकीची उभी.’ ते दम घ्यायला थांबले. ‘पहिल्याच दिवशी समजलं होतं मले. पाचवा पुठ्ठा काढला तव्हाच.’

‘मग सांगितलं का नाही? डॉक्टरांना, सिस्टरना?’

‘काय सांगू? माझी उघडी ठेवा हे मीच बोललो होतो, सगळ्यांदेखत. आता कोणत्या तोंडानं सांगू की नाही झेपत? अन् मग त्याइचे पुठ्ठे काढतील. ते बी माझ्यासारखेच. त्या चार नंबरच्या मास्तरचे तर हाडं राह्यले फक्त.’

‘ते मास्तर नाहीत, कारकून होते.’

‘दिसाले मास्तर दिसतात.’

आजी चहा घेऊन आल्या. कप माझ्या हातात देत म्हणाल्या, ‘यांचं असंच आहे. एकदा बोलले की बोलले. लग्नात मामांनी विचारलं, पानात काय वाढू, तर म्हणे काहीबी. तव्हापासून काहीबी खाऊ राह्यले.’

‘तू त्या कागदावर ठीक लिहिलं ना,’ बाबा म्हणाले. ‘तू कोणती मोठी खरं बोलणारी.’

‘सिस्टर समोर उभ्या होत्या. डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्याला थंड लिहू का मी? चांगलं दिसते का?’

मी चहा प्यायले. बाबांनी प्यायला नाही. त्यांना पाणी मोजून प्यायचं असतं. त्यांचा कप आजींनी आणलाच नव्हता, आणि तरी त्यांचा हात एकदा पुढे येऊन मागे गेला.

मी त्यांना सनबोर्ड, भोकं, पंखा सगळं सांगायला सुरुवात केली. त्यांनी हात वर केला. ‘आकडे नका सांगू मॅडम. आकडे तर मागच्या वेळी बी चांगलेच होते.’

मी वही पिशवीत टाकली.

मग तेच म्हणाले, ‘उद्या शनिवार आहे. उद्या येतो मी. नाही वाजली थंडी तर येत राहीन. वाजली, तर मग मले कोणीच बोलवू नका. डॉक्टर नाही, सिस्टर नाही, हिनं बी नाही.’

‘ही काय बोलवणार,’ आजी म्हणाल्या, आणि आत गेल्या.

शनिवारी मी पावणेआठलाच खोलीत होते. हजर: बाबा, आजी, बाकीचे चार आणि त्यांची माणसं, सिस्टर, मावशी, मी. बाबांना खाटेवर घेतलं, नळ्या जोडल्या. मी मीटर उशीजवळ स्टँडला लावला आणि दर दहा मिनिटांनी आकडा लिहिला. पहिला तास ते छताकडेच बघत होते. दुसऱ्या तासात चादर छातीपर्यंत ओढली. मी मीटर पुन्हा बघितला. आजींनी घरून आणलेली गोधडी पुढे केली, त्यांनी नको म्हणून मान हलवली. तिसऱ्या तासात चार नंबरच्या कारकुनांनी मान वळवून विचारलं, ‘काय बाबा, कसं आहे?’

‘थोडं थंड आहे.’ बाबा म्हणाले. ‘तुमाले?’

‘मलाही थोडं थंड आहे.’

‘हां मग.’

त्यानंतर ते झोपले. तोंड उघडं टाकून, घोरत. आजी मात्र पूर्ण चार तास जाग्या बसून त्यांच्याकडे आणि जाळीकडे आळीपाळीने बघत होत्या. उठताना बाबांनी मंगळवारी येतो असं सिस्टरांना सांगितलं.

त्या पहिल्या अहवालावर मी काट मारली आणि दुसरा लिहिला. त्यात ‘तात्पुरती व्यवस्था’ असा शब्द आहे. तो शब्द मला माझ्या कामातला सगळ्यात थकवणारा शब्द वाटतो, कारण तो लिहिला की बाकी सगळ्यांना बरं वाटतं आणि मला परत परत जावं लागतं. सनबोर्डला टेप लावलेली आहे. मे महिन्यात कोरड्या हवेत टेप टिकली. जूनच्या शेवटी हवा दमट झाली, जाळीवर पाणी धरायला लागलं आणि टेप सुटायला लागली. जुलैत एका गुरुवारी दोन नंबरचा तुकडा पाळी चालू असताना लोंबला. मावशींनी घाईत त्या जाळीवर जुना पुठ्ठा चढवला, तो अजून पाण्याच्या मशीनमागेच होता. बाबांवर पुन्हा वारा वाढला. त्यांनी तो दिवस काढला आणि शनिवारी आले नाहीत. मंगळवारी आले. मी तोपर्यंत जाऊन तुकडा नीट केला होता. आजींनी नंतर सांगितलं की ते आले ते केवळ चार नंबरच्या कारकुनांनी स्वतः फोन केला म्हणून. काय बोलले ते आजींनाही माहीत नाही.

मी आता सांगून जात नाही. यादीतली पहिली ओळ, ‘आधी फोन’, खोडली. दर शुक्रवारी सकाळी मी तशीच जाते, टेप बघते, पाचही जाळ्या मोजते, पुठ्ठा कुठे चढलाय का ते बघते. पाण्याच्या मशीनमागे वाकून बघते तेव्हा मावशी मुद्दाम जोरात म्हणतात, ‘नाही ठेवला मॅडम, नाही ठेवला.’ एकदा ठेवलेला होता. त्या म्हणाल्या, पाय ठेवायला घेतला. फरशी ओली असते.

हे कायमचं काम नाही. कायमचं काम छतात आहे. त्यासाठी खोली दोन दिवस बंद हवी, आणि त्या दोन दिवसांत वीस माणसांना दुसरी जागा हवी. छत कापणाऱ्या मिस्त्रीशी मी तीन वेळा बोलले. तो म्हणतो, रविवारी सकाळी सुरू करतो, सोमवारी रात्री आवरतो. म्हणजे फक्त सोमवारचे पेशंट हलवायचे. डॉक्टर म्हणतात, खंडव्याच्या एका दवाखान्याला विचारलंय, त्यांनी हो म्हटलं की तारीख सांगतो. जूनमध्ये विचारलं होतं. ऑगस्टमध्ये मी पुन्हा आठवण केली तर म्हणाले, पोळा होऊ द्या. पोळा झाला.

आज सकाळी सिस्टरांचा फोन आला, पाच नंबरच्या तुकड्याचा एक कोपरा सुटलाय. उद्या मंगळवार, बाबांची पाळी. संध्याकाळी शेवटची पाळी उठली की मी टेप घेऊन जाणार आहे. यादीत ते लिहिलंय. त्याच्या वरची ओळ मे महिन्यापासून पानापानावर उतरवून घेत आलेय, आजही उतरवली: छताला पाच चौकोन, पाच झडपा, पुन्हा मोजणी. तारखेची जागा कोरी आहे.